इग्वाना घ्यायचा की बिअर्डेड ड्रॅगन?

पहिलं सांगतो, दुकानात तो हिरवागार इग्वाना, पिटुकला सरडाच, तळहातावर बसतो ना, त्याला बघून काही ठरवू नका. तीन-चार वर्षांत तोच शेपटीसकट सव्वा-दीड मीटर होतो, नर तर अजून लांब, वजन चार-पाच किलो, आणि नीट सांभाळला तर १५-२० वर्षं तुमच्या गळ्यात. बिअर्डी, म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन, हाही सरडाच, वाढून वाढून ४५ ते ६० सेंमी, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आयुष्य साधारण १०-१२ वर्षं. मी दोन्ही पाळलेत.

जागेवरच निम्म्या लोकांचा निकाल लागतो खरं तर. बिअर्डीला ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच टाकी पुरते. इग्वाना झाडावरचा प्राणी, त्याला उंचावर चढून बसायचं असतं, त्यामुळे ६ फूट उंच, ६ फूट लांब आणि ३ फूट खोल असं काहीतरी लागतं, म्हणजे पिंजरा नाहीच तो, छोटी खोलीच झाली. आमचा तर शेवटी पडद्याच्या दांडीवरच राहायला गेला, आणि दांडी भिंतीतून उखडली ती वेगळीच. शिवाय तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलातला, ७० टक्क्यांच्या आसपास ओलावा सतत हवा. बिअर्डी ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातला, ३०-४० टक्क्यांत खूश. इग्वानाला पाण्याचा टब द्यायचा तर तो त्यातच शी करणार, रोज, आणि रोज तुम्हीच धुणार.

लाइटचा खर्च दोघांनाही आहे, तिथे वाचत काही नाही. यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार, घरात तो खास बल्बमधून द्यायचा) मिळाली नाही तर अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, मग हाडं मऊ पडतात, जबडा सुजतो, पाय वाकडे होतात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन इथे कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. आणि बल्ब पेटतोय म्हणजे यूव्हीबी येतेय असं नसतं, ठरलेल्या मुदतीत तो बदलायचाच.

खाण्यात मात्र इग्वाना सोपा. फक्त पाला, थोडी भाजी, जास्वंदीचं फूल दिलं की डोळे मिटून चावत बसतो. अंडं, किडे, मांजराचं खाणं असलं लाडाने काही देऊ नका, किडनी जाते. पालकही रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. बिअर्डीला किडे लागतातच, पिल्लू असताना तर ढीगभर, मोठा झाला की पाला जास्त आणि किडे कमी. ते जिवंत रातकिडे घरात ठेवायची तयारी आहे का बघा, माझ्याकडून एकदा डबा उघडा राहिला आणि पुढचे दहा दिवस कपाटामागून रात्री दोन वाजता किर्रर्र.

आता स्वभाव, आणि हे कोणी आधी सांगत नाही. बिअर्डी खांद्यावर बसून टीव्ही बघतो, घाबरला तर एक हात वर करून हळूच हलवतो, चिडला तर दाढी काळी करतो, बस. इग्वाना माणसाळतो, पण त्याला महिने जातात, रोज त्याच वेळी, घाई न करता. आणि एवढं करून नर वयात आला की विणीच्या दिवसांत अंगावर नारिंगी झाक येते, मान वरखाली सुरू होते आणि ज्या हातातून दोन वर्षं खाल्लं त्याच हातावर धावून येतो. शेपटीचा फटका म्हणजे ओल्या दोरीचा सपका, माझ्या पोटरीवर वळ चार दिवस होता. चावला तर टाके पडू शकतात, दात करवतीसारखे असतात. त्याचा राग नाही मला, हार्मोन्स आहेत ते, पण घरात लहान मूल असेल तर मी सरळ नको म्हणेन. मादी घेऊन सुटका होत नाही, नर नसतानाही ती अंडी घालते, कधी तीस-चाळीस, आणि अडकली तर ऑपरेशन. बिअर्डीच्या मादीचंही तसंच, अंडी कमी एवढंच.

सॅल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारा जंतू, दोघांकडूनही येऊ शकतो, हात लावला की साबणाने धुवायचे, स्वयंपाकाच्या ओट्यावर सोडायचं नाही. कागदपत्रांचंही बघा, हिरवा इग्वाना साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, कुठून आला ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

खोली रिकामी असेल, घरात मोठीच माणसं असतील आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर जवळ असेल तर इग्वाना घ्या, तो पडद्याच्या दांडीवरून तुमच्याकडे एका डोळ्याने बघतो तेव्हा जे वाटतं ते बिअर्डी देत नाही. यातलं एक जरी नसेल तर बिअर्डी. आणि अजूनही मन इग्वानावरच असेल तर आधी कुणाकडे तरी पूर्ण वाढलेला नर बघून या, जमलं तर विणीच्याच दिवसांत.