किडनी प्रत्यारोपणानंतरचा बारा आठवड्यांचा व्यायामवर्ग : एका रुग्णाचा अभिप्राय

प्रत्यारोपणाला 14 महिने उलटले होते, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ; रक्तात तो वाढला की किडनीबद्दल शंका येते) 1.3 वर स्थिरावले होते, प्रत्येक तपासणीत डॉक्टर समाधान व्यक्त करत होते आणि तरीही दोन मजले चढून गेलो की मला कठड्याला धरून उभे राहावे लागत होते. रक्ताच्या अहवालात न दिसणारा हा अशक्तपणा घेऊन मी एका पुनर्वसन केंद्राच्या व्यायामवर्गात दाखल झालो. केंद्राचे नाव मुद्दामच देत नाही, कारण सांगण्यासारख्या गोष्टींमध्ये तक्रारीही आहेत, आणि असा वर्ग निवडताना काय विचारावे हे त्या तक्रारींवरूनच अधिक कळते.

पहिल्या दिवसाबद्दल मात्र माझ्या मनात निव्वळ कौतुक आहे. फिजिओथेरपिस्टबाईंनी वजने काढण्याआधी औषधांची यादी मागितली, डाव्या हातावरचा जुना फिश्चुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेला धमनी-शिरेचा जोड, बोटांनी चाचपून तो अजून चालू असल्याची खात्री केली आणि त्या हातावर दाब येऊ नये म्हणून रक्तदाबाचा पट्टा मी न सांगताच उजव्या हाताला बांधला. त्यानंतर 30 मीटरच्या मोजलेल्या मार्गिकेत सहा मिनिटे चालण्याची चाचणी झाली. मी 410 मीटर चाललो. मग हात छातीवर दुमडून एका मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता-बसता येते ते पाहिले. एकोणिसाव्या वेळी मांड्या अशा थरथरल्या की मी खुर्चीवर बसलो नाही, अक्षरशः कोसळलो.

हे असे का होते, याचे त्यांनी दिलेले उत्तर मला रुग्णालयात कोणीही इतक्या सोप्या शब्दांत दिले नव्हते. नवी किडनी रक्तातली घाण काढते, हिमोग्लोबिन सुधारते, त्यामुळे दम पूर्वीपेक्षा कमी लागतो. पण डायलिसिसच्या काळात झिजलेले स्नायू ती परत आणून देत नाही. त्यातच प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दीर्घकाळ घेतले, तर ते नेमके मांड्या आणि कमरेभोवतीच्या मोठ्या स्नायूंना कमकुवत करते. प्रत्यारोपणानंतर शारीरिक क्षमता वाढते खरी, परंतु समवयस्क निरोगी माणसांच्या बरोबरीला ती सहसा येत नाही.

केंद्राच्या माहितीपत्रकात मात्र 'नियमित व्यायामाने नव्या किडनीचे आयुष्य वाढते' असे ठळक अक्षरांत छापले आहे, आणि तेथे माझा पहिला आक्षेप आहे. नेदरलँड्समध्ये 540 प्रत्यारोपित रुग्णांचा जो अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला, त्यात कमी हालचाल करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने आणि एकूणच मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. पण जो आधीच आजारी असतो तो कमी हालतो, ही शक्यता अशा निरीक्षणातून पूर्णपणे वगळता येत नाही. प्रत्यक्ष व्यायाम देऊन केलेल्या प्रयोगांत काय दिसले, हे अधिक भरवशाचे. अमेरिकेतील 2002 सालच्या प्रयोगात घरी करायच्या व्यायामाने ऑक्सिजन वापरण्याची क्षमता आणि स्नायूंची ताकद वाढली, चरबीच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या 12 आठवड्यांच्या प्रयोगात दमसासाचा व्यायाम आणि ताकदीचा व्यायाम या दोन्ही गटांत क्षमता वाढली आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. हे प्रयोग लहान आणि थोड्या मुदतीचे आहेत. किडनी किती वर्षे टिकेल, हे त्यांवरून ठरवता येत नाही. माहितीपत्रकात खरे तेवढेच छापले असते, तरी माणसे आली असती.

आठवड्यातून तीन दिवस, तासभराचे सत्र असे. आरंभी सायकल, मग रबरी पट्टे आणि पायांनी ढकलायचे यंत्र. प्रत्यारोपित किडनी पोटाच्या खालच्या भागात, पुढच्या बाजूला बसवलेली असते आणि तिला बरगड्यांचा आडोसा नसतो, याचे भान नेहमीच्या प्रशिक्षकाला सतत होते. एकदा बदली प्रशिक्षकाने यंत्राची बैठक इतकी पुढे सरकवली की गुडघे पोटात रुतू लागले. नेहमीचे प्रशिक्षक दुसऱ्या टोकाहून आले, खीळ काढून त्यांनी बैठक तीन भोके मागे घेतली आणि एक शब्दही न बोलता परत गेले.

सर्वांत मोठी चूक घडली ती नाडीच्या ठोक्यांबाबत. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा बांधून ठोके 120 पर्यंत न्यायचे, असा त्यांचा सरसकट नियम होता. मी मेटोप्रोलोल घेतो; ते बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारे औषध, असल्याने कितीही जोर लावला तरी माझे ठोके 104 च्या पुढे जात नव्हते, आणि मी आळस करतो आहे असे समजून बदली प्रशिक्षक सायकलचा ताण वाढवत राहिले. दोन सत्रांनंतर मी घरी जाऊन अंथरूणच धरले. तिसऱ्या सत्रात फिजिओथेरपिस्टबाईंनी फाइल उघडली. औषध पहिल्या दिवसापासून त्यात लिहिलेले होते, पण ते कोणी वाचले नव्हते. त्यानंतर पट्टा काढून बोर्ग श्रेणी वापरण्यात आली. त्यात श्रमाची जाणीव 6 ते 20 अंकांत रुग्णानेच सांगायची असते. मला 12-13 च्या आसपास, म्हणजे बोलता यावे पण गाता येऊ नये इतपत, ठेवण्यात आले.

सातव्या आठवड्यात, जोरकस सत्राच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या तपासणीत क्रिएटिनिन 1.5 आले. ती रात्र कशी गेली, हे प्रत्यारोपण झालेल्याला वेगळे सांगायला नको. डॉक्टरांनी दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगून तपासणी पुन्हा करवली, तेव्हा आकडा 1.3 वर आला. क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होते आणि दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर ते तात्पुरते चढू शकते, ही सूचना वर्गाने आधी द्यायला हवी होती. याच वर्गाच्या गल्ल्यावर क्रिएटिनची पावडर विक्रीला ठेवलेली असते, ही तर कमालच झाली; हा पदार्थ शरीरात क्रिएटिनिनच बनतो आणि अहवालाचा अर्थ लावणे आणखी अवघड करतो. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन घेण्याचा सल्लाही बदली प्रशिक्षकांकडून एकदा मिळाला. अशी वेदनाशामके किडनीला घातक ठरू शकतात, म्हणून मी तो मानला नाही. बाकी यंत्रे दर वापरानंतर पुसली जात आणि टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची) रक्तातील पातळी तपासायच्या दिवशी सत्राची वेळ विनातक्रार बदलून मिळे.

शेवटच्या दिवशी मी 478 मीटर चाललो आणि खुर्चीवरून 27 वेळा उठलो. वजन अर्धा किलो वाढले. जिना आता कठड्याविना चढतो.

त्या दिवशी हातात व्यायामांच्या चित्रांची एक पुसट छायाप्रत देण्यात आली आणि वर्ग संपला. तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी होईल का, असे विचारले असता तशी सोय नसल्याचे सांगण्यात आले. 2002 च्या त्या अमेरिकी प्रयोगात घरी व्यायाम करणाऱ्यांना नियमित दूरध्वनी केले जात. येथे तेवढेही नाही, आणि माझ्या मते ही या वर्गाची सर्वांत मोठी उणीव आहे. तरीही पुढच्या महिन्यात मी दुसऱ्यांदा नाव नोंदवतो आहे. या वेळी फाइलच्या पहिल्या पानावर मेटोप्रोलोलचे नाव लाल शाईने मीच लिहून नेणार आहे.