टूनाचा डबा: प्रोटीन भरपूर, पत्ता अर्धवट

छत्रपती संभाजीनगरच्या एका मॉलमधून घेतला. १८५ ग्रॅमचा डबा, पाणी निथळल्यावर मासा १३० ग्रॅम, किंमत पावणेतीनशेच्या घरात. भाचा जिमला जातो, त्याच्या ट्रेनरनं सांगितलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याच फळीवरच्या बाकीच्या डब्यांचीही गत हीच आहे.

आधी चव. वास कमी, काटा एकही नाही. काटे काढत मासा खाणाऱ्याला जरा फसवल्यासारखं वाटतं. मेयोनीज लावून ब्रेडमध्ये घातला तर पांचट लागतो. कांदा लाल परतून काळा मसाला टाकला, त्यात डबा रिकामा केला अन् ज्वारीच्या भाकरीसोबत खाल्ला, तेव्हा कुठं जमलं. मीठ हात राखून टाका, डब्यात असतंच.

आता लेबल. वाचायला लई आहे. प्रोटीन, सोडियम, आयात करणाऱ्याचा पत्ता, ‘थायलंडमध्ये तयार’, पकडल्याचं क्षेत्र एफएओ ७१ (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-शेती संघटनेनं समुद्राला दिलेला नंबर), म्हणजे प्रशांत महासागराचा पश्चिम-मध्य भाग. शिवाय डॉल्फिनचं गोंडस चित्र, जाळ्यात डॉल्फिन मेला नाही याची हमी. चांगलंच आहे. पण बोट कोणती, तिच्यावर झेंडा कुठल्या देशाचा, जाळं ओढणारी पोरं कुठली, यातलं एक अक्षर नाही.

माझे आईवडील केज तालुक्यातून कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की हंगामभर बांधलेले, आजारपणात खाडा पडला तर दंड, अन् उचल फिटली नाही तर पुढच्या सालीही तीच टोळी. लांबच्या समुद्रातल्या मासेमारीबद्दल वाचायला लागलो तर सगळं ओळखीचंच निघालं. इंडोनेशिया, फिलिपिन्स, म्यानमारची गरीब पोरं एजंटच्या कर्जात बोटीवर चढतात, ते कर्ज पगारातून कापलं जातं, पासपोर्ट कॅप्टनच्या कपाटात. फडातून माणूस रातोरात पळून तरी येतो, आमच्या गावात आलेलेत. तिथं पळणार कुठं?

बोट किनाऱ्याला लागतच नाही, कधी कधी वर्ष-वर्ष. शीतगृहाचं मोठं जहाज भरसमुद्रात येतं, डिझेल-रेशन देतं अन् मासा उचलून नेतं. त्या जहाजात अनेक बोटींचा माल एकत्र होतो. परवाना नसलेल्या बोटीनं, ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद करून दुसऱ्या देशाच्या हद्दीत मारलेला मासाही त्यातच खपतो. माणूस अडकवणारी अन् चोरीचा मासा पचवणारी सोय एकच.

ऐकीव नाही सांगत. २०१५ मध्ये इंडोनेशियात बेंजिना नावाच्या बेटावरच्या गावात मजुरांना पिंजऱ्यात कोंडलेलं एपी या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी उघड केलं, पुढं दोन हजारांवर लोक सुटले. त्याच वर्षी युरोपीय संघानं बेकायदा मासेमारीवरून थायलंडला ‘पिवळं कार्ड’ (म्हणजे ताकीद) दाखवलं, ते २०१९ मध्ये मागं घेतलं. लाँग शिंग ६२९ नावाची चिनी बोट तर टूनाचीच. तिच्यावर आजारी पडून मेलेल्या इंडोनेशियन खलाशांची प्रेतं समुद्रात टाकल्याचं २०२० मध्ये बाहेर आलं. ज्या कंपनीची ती बोट, तिच्या सगळ्या बोटींचा माल अमेरिकेनं मे २०२१ मध्ये अडवला. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजात मासेमारी बोटींवर सक्तीनं राबणारे १ लाख २८ हजार.

माझ्या डब्यातला मासा असाच आला असं मी म्हणत नाही. डब्यावरून ते कळायला वाट नाही, एवढीच तक्रार. ग्राहक सेवेला ईमेल करून बोटीचं नाव विचारलं. उत्तर आलं, ‘आमचे सर्व पुरवठादार आंतरराष्ट्रीय मानके पाळतात’, अन् सोबत दहा टक्के सवलतीचं कूपन! परदेशात काही कंपन्यांच्या डब्यावरचा कोड वेबसाइटवर टाकला की बोट कळते. म्हणजे जमत नाही असं नाही.

भाचा म्हणाला, “मामा, साखरेच्या पुड्यावर तरी कुठं लिहितेत ऊस कुणी तोडला?” खरंय त्याचं. पण साखरेच्या पोत्यावर कारखान्याचं नाव असतं. कारखान्याला गेट असतं, गेटवर मोर्चा नेता येतो. एफएओ ७१ ला गेट नाही.

प्रोटीनच पाहिजे असेल तर नाथसागराचा रोहू-कटला पैठणला ताजा मिळतो, कुणी जाळं टाकलं तेही विचारता येतं. काटे आहेत, अन् जिमच्या डब्यात भरून नेता येत नाही, हे भाच्याचं म्हणणं.

पाचपैकी दोन स्टार. एक काळ्या मसाल्यातल्या चवीला. दुसरा मॉलमधल्या काउंटरवरच्या पोराला, पिचकलेला डबा त्यानं बिल न मागता बदलून दिला.