वादविवाद स्पर्धा की तलावपाळीचा कट्टा?

ठाण्यातल्या कॉलेजच्या मुलांना विरुद्ध मताच्या मित्राशी सभ्यपणे भांडायला शिकवायचं, तर मला दोन वाटा दिसतात.

अनेक स्पर्धांत बाजू चिठ्ठीने ठरते. आरक्षण न पटणाऱ्या मुलीला त्याच्याच बाजूने उभं राहावं लागतं आणि त्यासाठी 1980 चा मंडल आयोगाचा अहवाल उघडावा लागतो. हा लाभ मोठा आहे. पण घंटा वाजते, गुण मिळतात, आणि टाळ्यांचं वाक्य खऱ्या शंकेला मागे सारतं. ‘तुझं पटलं मला’ म्हणायची सोयच नसते.

तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावर, पाच-सहा जण कट्ट्यावर बसले की ती सोय असते. तिथे मी एकच नियम घालेन, आपल्या शास्त्रार्थातल्या, म्हणजे पंडितांच्या जुन्या वादपद्धतीतल्या, पूर्वपक्षाचा: आधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की तोच म्हणेल, ‘हो, हेच मला म्हणायचंय.’ मगच उत्तर. याला वेळ लागतो. शिवाय कट्ट्यावर मोठ्या आवाजाचा माणूस इतरांना बोलू देत नाही. बुजऱ्या मुलाला हक्काची पाच मिनिटं स्पर्धेतच मिळतात.

म्हणून पहिल्या वर्षाला मी स्पर्धा देईन. दुसऱ्या वर्षापासून मात्र कट्टाच.