माझदा सीएक्स-९ : उत्पादन बंद झालेल्या गाडीसोबतची दीड वर्षे

गेल्या अठरा महिन्यांत आम्ही माझदा या जपानी कंपनीची सीएक्स-९ ही तीन रांगांची मोठी गाडी सुमारे २४,००० किलोमीटर चालवली. गाडी २०१९ सालच्या मॉडेलची, ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना शक्ती) असलेली, आणि आमच्याकडे आली तेव्हा ६२,००० किलोमीटर चाललेली होती. घरात आम्ही दोघे, बारा आणि सात वर्षांच्या दोन मुली आणि माझे आईवडील अशी सहा माणसे आहेत. रोज गाडीत चारजण असतात आणि महिन्यातून दोन-तीनदा सहाही जण एकत्र निघतो. वापरलेल्या गाड्यांमध्ये सीएक्स-९ पाहणाऱ्या कुटुंबांना प्रामुख्याने एकच शंका असते : कंपनीने बनवणेच थांबवलेली गाडी घ्यावी का? मलाही ती होती, आणि तिच्यापायी मी जवळजवळ दोन महिने निर्णय लांबवला. आज वाटते की त्या दोन महिन्यांतला बराचसा वेळ मी चुकीच्या प्रश्नावर घालवला.

सीएक्स-९ ची पहिली पिढी २००७ च्या मॉडेलपासून २०१५ पर्यंत चालली. दुसरी पिढी नोव्हेंबर २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वाहन प्रदर्शनात दाखवली गेली आणि २०२३ च्या मॉडेलनंतर तिची जागा सीएक्स-९० ने घेतली. पुढे लिहिलेले सर्व दुसऱ्या पिढीबद्दल आहे. गाडी बंद का झाली हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण एखादे मॉडेल खपत नाही म्हणून गुंडाळले जाणे आणि पुढच्या मॉडेलला जागा करून देण्यासाठी थांबवले जाणे यांचे परिणाम सारखे नसतात. दुसऱ्या प्रकारात यंत्रभागाचा मोठा हिस्सा कंपनीच्या इतर गाड्यांमधून पुढे चालू राहतो. सीएक्स-९ चे २.५ लिटरचे टर्बो (एक्झॉस्टच्या वायूने फिरणाऱ्या टर्बाइनने जास्त हवा आत ढकलणारे) पेट्रोल इंजिन सीएक्स-५, सीएक्स-५० आणि माझदा ३ या गाड्यांमध्येही वापरले गेले आहे. त्यामुळे फिल्टर, स्पार्क प्लग, सेन्सर, पट्टे, ब्रेकचे पॅड अशा झिजणाऱ्या वस्तूंसाठी मला एकदाही थांबावे लागले नाही.

थांबावे लागले ते मागच्या दिव्यासाठी. पार्किंगमध्ये एका वाहनाने मागे घेताना आमच्या गाडीचा उजवा मागचा दिवा फोडला आणि नवा दिवा हाती यायला साडेतीन आठवडे गेले. दिवे, बंपर, काचा, दारांच्या कडांच्या पट्ट्या, आतले प्लॅस्टिकचे भाग हे फक्त याच गाडीचे असतात, आणि उत्पादन थांबल्यावर टंचाई आधी त्यांचीच जाणवते. म्हणून घेतानाच गाडीभोवती सावकाश फिरून अशी प्रत्येक वस्तू शाबूत आहे ना, हे पाहावे. इंजिनाची तपासणी सगळेच करतात. पण तडा गेलेल्या दिव्याकडे "नंतर बदलू" म्हणून कानाडोळा केला, तर बंद झालेल्या मॉडेलच्या बाबतीत ते "नंतर" बरेच लांबू शकते.

इंजिनाबद्दल सविस्तर लिहितो, कारण या गाडीचा स्वभाव आणि तिच्यातला सर्वांत मोठा धोका दोन्ही तिथेच आहेत. पहिल्या पिढीत शेवटी ३.७ लिटरचे, २७३ अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे व्ही-६ इंजिन होते. दुसऱ्या पिढीत चार सिलिंडरचे टर्बो इंजिन आले, तेव्हा साध्या पेट्रोलवर २२७ आणि उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलवर २५० अश्वशक्ती हे आकडे पाहून अनेकांना गाडी कमजोर झाली असे वाटले. प्रत्यक्षात कुटुंबाच्या वापरात जाणवतो तो ४२० न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि तो इंजिनाच्या मिनिटाला अवघ्या २,००० फेऱ्यांना मिळतो. कमी फेऱ्यांवर एक्झॉस्टचा वायू टर्बोकडे अरुंद मार्गांनी सोडला जातो, त्यामुळे त्याचा वेग वाढतो आणि टर्बाइन लवकर फिरू लागते. फेऱ्या वाढल्या की मोठा मार्ग उघडतो. सहा माणसे आणि सामान घेऊन घाट चढतानाही गाडी ओरडत नाही, सहा गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स विनाकारण गिअर उतरवत नाही, आणि मागे बसलेल्यांना चढ आहे हे केवळ खिडकीतून कळते. वेग खूप वाढवल्यावर मात्र जोर ओसरतो. ज्यांना तशी चालवायची आहे त्यांनी आधी लांब चाचणी घ्यावी.

उच्च ऑक्टेनच्या महाग पेट्रोलाचा मी सलग चार टाक्या प्रयोग केला. अश्वशक्तीतला फरक वरच्या फेऱ्यांवरच कामाला येत असल्याने आमच्या चालवण्यात तो जाणवला नाही, आणि सरासरीतही बदल दिसला नाही. त्यामुळे साध्या पेट्रोलवर परतलो. सरासरी सांगायची तर शहरात लिटरला साडेसात किलोमीटर, मोकळ्या रस्त्यावर साडेअकरा, आणि सर्व मिळून ९.३. जवळजवळ दोन टन वजनाच्या गाडीकडून याहून फार अपेक्षा करू नये, पण रोजचा प्रवास शहरातल्या गर्दीतलाच असेल, तर हा खर्च दरमहा समोर उभा राहील हे आधीच मांडून ठेवावे.

आता धोका. या टर्बो इंजिनाच्या काही गाड्यांमध्ये सिलिंडर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, एक्झॉस्टच्या बाजूने बारीक तडा जाऊन कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) झिरपते, आणि त्यावर कंपनीने सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांसाठी सूचनापत्र, काढलेले आहे. ही गळती सहज दिसत नाही. ती इंजिनाच्या मागच्या बाजूला, उष्णतारोधक पत्र्यांच्या आड असते आणि तापलेल्या भागावर कूलंट वाळून जाते, म्हणून खाली थेंबही पडत नाही. उपाय म्हणजे हेड बदलणे, आणि ते काम वापरलेल्या गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठे ठरते. म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन पूर्ण थंड असावे असा आग्रह धरा, कूलंटची पातळी टाकीवरच्या खुणांशी ताडून पाहा, गाडी लिफ्टवर चढवून मेकॅनिककडून हेडच्या मागच्या बाजूला पांढरट किंवा हिरवट सुकलेले डाग आहेत का ते बघवून घ्या, आणि शक्य असल्यास कूलिंग यंत्रणेची दाबचाचणी (दाब देऊन गळती शोधणे) करा. आमच्या गाडीची दाबचाचणी केल्यावरच मी पैसे दिले. त्यानंतर टाकीवर पातळीशी बारीक चिकटपट्टी लावली असून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ती पाहतो. अठरा महिन्यांत पातळी हललेली नाही. हे माझे नशीब असू शकते, त्यामुळे पट्टी अजून तिथेच आहे.

२०२१ च्या मॉडेलबाबत वेगळी नोंद आहे. त्या वर्षीच्या काही टर्बो गाड्यांमध्ये व्हॉल्व्हच्या सीलमुळे तेल जास्त जळत असे. त्या वर्षाची गाडी घेणार असाल, तर दोन तेलबदलांच्या मध्ये वरून किती तेल घालावे लागले हे आधीच्या मालकाला नेमके विचारा आणि घेतल्यावर स्वतः डिपस्टिकवर तेलाची पातळी पाहत राहा.

आमच्या गाडीच्या कागदपत्रांत तेलबदल नियमित होते, पण गिअरबॉक्सच्या तेलाचा उल्लेख कुठेच नव्हता. अनेक गाड्यांचे हे तेल "आयुष्यभराचे" मानून कोणी बदलत नाही. मी पहिल्या महिन्यातच ते बदलून घेतले आणि निघालेले तेल गडद तपकिरी होते. त्याच वेळी लक्षात आले की पुढचे दोन टायर नवे आणि मागचे दोन जुने, तेही वेगळ्या कंपनीचे होते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत टायरांच्या घेरातला फरक मागच्या चाकांना शक्ती पोचवणाऱ्या जोडणीवर सतत ताण आणतो, म्हणून चारही टायर एकदम बदलले. आमच्या गाडीला १८ इंची चाके आहेत आणि टायर २५५/६० मापाचे. वरच्या श्रेणींत २० इंची चाकांवर २५५/५० मापाचे टायर येतात. दिसतात सुंदर, पण खड्ड्यांचा धक्का अधिक देतात आणि बदलायला महागही पडतात. कुटुंबासाठी १८ इंचीच घ्या, असे मी ठामपणे सांगेन. टायर, गिअरबॉक्सचे तेल, बॅटरी आणि स्पार्क प्लग यांचा खर्च मी खरेदीच्या किमतीतच धरला होता. तो न धरता "परवडली" म्हणून आनंदलेल्यांना पहिल्या तीन महिन्यांत धक्का बसतो.

आतली जागा हा या गाडीचा सर्वांत सुखाचा आणि सर्वांत फसवा भाग आहे. लांबी पाच मीटरांहून अधिक, दोन चाकांमधले अंतर २,९३० मिलिमीटर, आणि तरीही तिसऱ्या रांगेत प्रौढ माणसाला अर्ध्या तासापलीकडे बसवू नये. आखणी करणाऱ्यांनी लांब बॉनेट आणि उतरत्या छपराला महत्त्व दिले, त्याची किंमत मागच्या रांगेने मोजली. दुसरी रांग मात्र उत्तम आहे. ती मागेपुढे सरकते, पाठ कलते, आणि तिथे वातानुकूलनाची वेगळी कळ आहे. माझ्या आईचे गुडघे दुखतात. आमच्या आधीच्या बसक्या गाडीतून उठताना तिला दर वेळी हात द्यावा लागे, आणि एका नातेवाइकांच्या उंच गाडीत चढताना पायरी लागे. या गाडीची बैठक तिच्या कंबरेच्या उंचीला येते. ती सरळ टेकते आणि पाय आत घेते. गाडी पाहायला गेलो, तेव्हा मी तिला चार वेळा चढ-उतार करायला लावली होती. कोणत्याही आकड्यापेक्षा त्या दहा मिनिटांनी माझा निर्णय अधिक पक्का केला.

तिन्ही रांगा उभ्या असताना डिकीत किती मावते, याचे छापील आकडे गोंधळात टाकतात. एका मापनपद्धतीने ते सुमारे ४०० लिटर, तर दुसऱ्या पद्धतीने २३० लिटर दाखवले जाते. प्रत्यक्षात सहाजण असताना दोन मध्यम बॅगा आणि दोन पिशव्या मावतात, त्याहून जास्त नाही. तिसऱ्या रांगेचा अर्धा भाग पाडला, तर सहाजणांसह चार बॅगा सहज जातात, म्हणून आम्ही नेहमी तसेच निघतो : पुढे दोघे, मध्ये आईवडील आणि धाकटी, मागे एकटी थोरली.

गाडी शांत आहे. गाडीच्या तळाच्या भागातच कंपनीने सुमारे २४ किलोचे ध्वनिरोधक साहित्य घातले आहे, आणि खडबडीत रस्त्यावर टायरांचा आवाज दबून येतो. पाच तासांच्या प्रवासानंतर मागच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येणे, हे थकव्याच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. वळणांवर एवढी मोठी गाडी झुकत कमी, आणि धाकटीला होणारा मळमळीचा त्रासही कमी झाला आहे. वळण घेताना इंजिनाचा जोर किंचित कमी करून वजन पुढच्या चाकांवर आणणारी जी-व्हेक्टरिंग नावाची व्यवस्था यात आहे. श्रेय तिचे किती आणि मऊसर सस्पेन्शनचे किती, हे वेगळे करता येणे कठीण आहे. अरुंद जागी मात्र गाडीचा आकार लपत नाही. छपराचे मागचे खांब जाड आहेत, बॉनेटचे टोक दिसत नाही, आणि कॅमेऱ्याविना ही गाडी लावण्याचा सराव व्हायला मला महिनाभर लागला.

कोणत्या वर्षाची घ्यावी, यावर माझे मत २०१९ किंवा २०२० असे आहे. २०१९ मध्ये सस्पेन्शन सुधारले गेले आणि फोन गाडीच्या पडद्याशी जोडण्याची अॅपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो ही सोय आली. २०२१ पासून पडदा १०.२५ इंची झाला, पण तो बोटाने हाताळता येत नाही. सर्व काही गिअरजवळच्या गोल फिरत्या कळीनेच करावे लागते. आमच्या गाडीतही असलेली ती कळ माझ्या पत्नीला आवडते, कारण नजर रस्त्यावर राहते. माझ्या वडिलांना ती अजून जमलेली नाही. २०१६ ते २०१८ च्या गाड्याही वाईट नाहीत आणि किमतीला उतरलेल्या असतात. सुरक्षेत २०१६ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या एएनकॅप संस्थेने या पिढीला पाच तारे दिले होते. मात्र आपोआप ब्रेक लावणारी आणि बाजूचे न दिसणारे वाहन दाखवणारी यंत्रणा त्या वर्षांच्या प्रत्येक श्रेणीत असेलच असे नाही, ते त्या त्या गाडीवरच तपासावे.

आमच्या गाडीचे आकडे आता ८६,००० वर आहेत. लवकरच पुढचे ब्रेक पॅड आणि मागच्या डिफरन्शिअलचे (दोन चाकांत शक्ती वाटणाऱ्या भागाचे) तेल बदलायचे आहे. गाडीबाबत मला पुढची चिंता आहे ती थोरलीच्या उंचीची. गेल्या सुट्टीत तिचे गुडघे पहिल्यांदाच पुढच्या बैठकीला टेकले. ती चौदाची होईल, तेव्हा तिसऱ्या रांगेत सात वर्षांच्या बहिणीची, म्हणजे तेव्हाच्या नऊ वर्षांच्या मुलीची पाळी येईल, आणि त्यानंतर आणखी दोन-तीन वर्षे ही मांडणी चालेल. ज्यांच्या घरी आजच सहा प्रौढ माणसे नेहमी एकत्र निघतात, त्यांनी ही गाडी पाहायला जाऊ नये. त्यांना सरळ उभ्या पाठीची आणि चौकोनी मागच्या भागाची गाडी लागेल.