सडा की मळा? गावच्या स्पर्धेचं मैदान निवडताना

दिवाळी उलटली की आमच्या कोकणातल्या वाडीत क्रिकेटच्या स्पर्धेवरून हा वाद ठरलेला. संध्याकाळी पोरं देवळाच्या पायऱ्यांवर जमतात. तारीख पाच मिनिटांत ठरते, पहिलं बक्षीस रोख ठेवायचं की नुसता चषक यावर तासभर जातो, आणि उठता उठता कुणीतरी म्हणतो, "पण मैदान कुठलं? वर सड्यावर की खाली मळ्यात?" मग बैठक परत बसते. सडा म्हणजे डोंगरावरचं जांभ्या कातळाचं उघडं पठार, मळा म्हणजे खालची भातशेती.

मी दोन्हीकडे स्पर्धा भरवल्या आहेत, दोन्हीकडे खेळलो आहे आणि दोन्हीकडे पंच म्हणून शिव्याही खाल्ल्या आहेत. टेनिस चेंडू, 6 षटकं, 16 संघ, शनिवार-रविवार असा आपला नेहमीचा मामला धरून चालतो. सीमारेषा कुठे आखायची हे तुम्हाला सांगायला नको.

पुळणीचं, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूचं, आधी उरकतो, कारण मुंबईहून आलेला एखादा चाकरमानी दरवर्षी ती सुचवतोच. ओल्या वाळूवर अंग टाकायला भीती नाही, वारा छान, बघायला माणसंही आपोआप येतात. पण घड्याळ समुद्राच्या हातात. तिथीला तिनानं गुणून चारानं भागा, पूर्ण भरतीची वेळ निघते. दर्यावर जाणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असतो. पौर्णिमा-अमावास्येला उत्तर येतं सव्वाअकरा, म्हणजे ऐन सामन्यांच्या वेळी पाणी मिडविकेटला. सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, लागते संध्याकाळी पाचच्या पुढे. तेव्हा हवं तेवढं मैदान मिळतं, पण दिवस संपलेला असतो. अष्टमीला सुकती भर दुपारी येते खरी, पण ते भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही लहान; मागे हटून हटून किती हटणार? त्यात चेंडू दोनदा भिजला की रताळ्यासारखा जड होतो. संध्याकाळी दोन तास मजेत खेळायला पुळणीसारखी जागा नाही. 16 संघ मात्र तिथे बसत नाहीत.

राहिले सडा आणि मळा. बाजू मांडायची तर सड्याचीच आधी मांडायला हवी, कारण नुसत्या विचारानं तोच जिंकतो.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण सड्यावर पाणी थांबत नाही. बरंचसं उतारावरून निघून जातं, उरलेलं कातळातल्या खळग्यांत साचतं. नवरात्राच्या आसपास त्या खळग्यांभोवती सीतेची आसवं आणि गेंद फुललेले असतात. ती फुलं सुकली की सडा खेळायला तयार, हा माझा ठोकताळा अजून चुकलेला नाही. खेळपट्टीसाठी चिरेखाणीतली लाल पूड टाकायची, पाणी मारायचं आणि सिमेंट भरलेलं पिंप दोन दिवस फिरवायचं. चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडून बघा. सड्यावर तो कमरेपर्यंत येतो, आणि सकाळी येतो तसाच दुपारीही येतो. फलंदाजाला आणखी काय हवं?

अवकाळी पावसात तर सड्याला तोड नाही. डिसेंबर 2021 च्या पहिल्या दोन दिवसांत कोकणात पाऊस झाला, ते आंबेवाल्यांना चांगलं आठवत असेल. बुधवार-गुरुवार पाऊस आणि शनिवारी आमचा पहिला सामना. मळ्यात तयार केलेली खेळपट्टी लोण्यासारखी झाली होती. शुक्रवारी दुपारी सगळं सामान टेंपोत घालून सड्यावर नेलं. तिथे खळग्यांतलं पाणी बादलीनं उपसलं आणि शनिवारी नऊ वाजता नाणेफेक झाली. ते उपकार मी विसरलेलो नाही.

एक गोष्ट मात्र सड्यावर रोलर नेण्याआधी करा. सकाळच्या तिरप्या उन्हात सगळा कातळ एकदा नीट चालून बघा. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, तिकडे सिंधुदुर्गात कुडोपी, इथली कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. पण नावाची पाटी नसलेली शिल्पंही सड्यांवर आहेत. पायाखाली रेघ दिसली तर ती जागा सोडायची. डोक्यावर ऊन आलं की त्या रेघा दिसत नाहीत, म्हणून सकाळीच जा.

सड्याचे तोटे सगळ्यांनाच ठाऊक आहेत. अकरानंतर कातळ तापतो, सावलीला झाड नाही, पाण्याचे कॅन खालून वर चढवावे लागतात. खरखरीत जांभ्यावर चेंडूची लव तीन-चार षटकांत झडते आणि त्याला टक्कल पडतं. मग तो हलका होतो, सुसाट जातो आणि "चेंडू बदला, बदलू नका" सुरू होतं. सड्यावरचा क्षेत्ररक्षक चेंडूमागे पळतो, पण चेंडूवर झेप घेत नाही. घेतली तर गुडघ्याचं साल तिथेच राहतं. तरीही यातल्या कशानं मी सडा सोडला नसता. ऊन काय, मांडव घालून भागतं.

मळ्याची गोष्ट वेगळी, आणि ती थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण मळा दिसतो तसा नसतो.

भाताची चिखलणी आपण पाणी मुरू नये म्हणूनच करतो. वर्षानुवर्षं चिखलणी झालेल्या कुणग्याच्या, म्हणजे बांधांमधल्या भातखाचराच्या, तळाशी घट्ट थर बसलेला असतो, आणि कापणीनंतरही ओल त्या थरावर बसून राहते. वरची दोन बोटं माती सुकून पांढरी पडते, माणूस फसतो. मीही फसलो होतो. पहिल्याच वर्षी गोलंदाजाचा पुढचा पाय तिसऱ्या षटकात घोट्यापर्यंत आत गेला आणि स्पर्धा एक आठवडा पुढे ढकलली. तेव्हा ज्यांचा मळा होता ते आबा बांधावर बसून बघत होते. मी म्हटलं, "आबा, आधी सांगायचं ना." ते म्हणाले, "तू इचारलंस कुठं? रान अजून आळलं नाय, ह्ये शेंबडं पोरगंबी सांगील."

आळणं म्हणजे ओल जाऊन माती घट्ट होणं. तेव्हापासून मी कोयती घेऊन जातो. तिचं टोक मातीत दाबायचं. बोटभर आत सहज गेलं तर थांबा. मग तिथलीच चिमूटभर माती घेऊन तळहातावर निरांजनातल्या वातीसारखी वळायची. वात वळली तर आठ दिवस नाव काढू नका. वळता वळता तुटली तर पाणी न मारता पिंप फिरवायला घ्या. भुगाच झाला तर उशीर झालाय, आता संध्याकाळी पाणी मारून सकाळी दाबावं लागेल. हे शास्त्र आहे की नाही ते सोडा, मला यानं पुन्हा दगा दिलेला नाही.

मळा निवडताना तिथे भात कुठलं होतं तेही विचारा. हळवं भात साडेतीन महिन्यांत तयार होतं आणि बहुधा थोड्या उंचवट्यावरच्या शेतात लावतात. ती जागा दसऱ्याच्या आगेमागे मोकळी होते आणि आळतेही लवकर. गरव्याचं, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या भाताचं, शेत सखल, पाण्याचं, आणि कापणी नोव्हेंबरात. डिसेंबरात स्पर्धा घ्यायची तर हळव्याचंच शेत बघा. आणि कापणी झाल्या झाल्या मालकाला हात जोडून सांगा की गुरं पंधरा दिवस तरी आत सोडू नका. ओल्या मातीत उमटलेला रेड्याचा खूर सुकला की त्याची वाटी होते, दगडासारखी. ती पिंपानं मोडत नाही. फावड्यानं एकेक वाटी बुजवण्यात आमचा एक अख्खा रविवार गेला आहे.

धसकटांचं फार मनावर घेऊ नका. विळ्यानं मातीसरशी कापून पिंप फिरवलं की चार दिवसांत ती पायांनी भुईसपाट होतात. जानेवारीत दंव पडतं, त्यामुळे पहिला सामना साडेनऊच्या आधी ठेवू नका. दंवात भिजलेला चेंडू पहिली दोन षटकं घसरतो आणि हरलेला संघ ते वर्षभर ऐकवतो.

भेगा मात्र खऱ्या. फेब्रुवारी निम्मा सरला की चिकण माती फाटायला लागते आणि शिमग्यापर्यंत काही भेगांत मूठ जाते. एकदा कव्हरला मारलेला चेंडू अशाच भेगेत शिरला, दोन क्षेत्ररक्षक हात घालून तो उपसत होते आणि फलंदाज पाचवी धाव काढत होते. पूर्वी क्रिकेटच्या नियमांत हरवलेल्या चेंडूचं स्वतंत्र कलम होतं. 2017 च्या नियमावलीत ते गेलं आणि तो विषय डेड बॉलच्या नियमात आला. हे मी बांधावर उभं राहून समजावून सांगत होतो. कुणी ऐकलं नाही. म्हणून शिमग्याची किंवा मे महिन्याची स्पर्धा असेल तर मळ्याचा विचारच नको. मळ्याचे दिवस डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, मोजून दोन महिने.

परवानगीचाही व्याप आहे. आमच्या मैदानाएवढ्या जागेत पाच घरांचे कुणगे येतात, त्यातली दोन घरं मुंबईला. मधल्या कुणग्याच्या मालकाला नेमका कुळीथ पेरायचा असतो. आपण जी ओल जायची वाट बघतो, त्याच ओलीवर त्याचा कुळीथ येणार असतो, त्यामुळे चूक त्याची म्हणवत नाही. एक वर्ष आम्ही त्याला कुळथाचे पैसे देऊन टाकले. दुसऱ्या वर्षी त्याच्या पुतण्याला संघात घेतलं. ते महाग पडलं.

एवढं सगळं लिहून वाचणारा म्हणेल, मग सडाच बरा की. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. माझा निकाल लागला तो एका अगदी क्षुल्लक गोष्टीवर: चेंडू शोधण्यावर.

आमच्या सड्याला दोन बाजूंनी कडा आहे आणि कड्याखाली करवंदाच्या जाळ्या. कातळावर चेंडू कुठे थांबत नाही. मळ्यात जो फटका बांधाला लागून थांबतो तो सड्यावर सीमारेषा ओलांडून आणखी पन्नास पावलं पळतो. दुपारी खारा वारा सुटला की उंच मारलेला चेंडू हवेतच कड्याकडे सरकतो. मग चार पोरं काठ्या घेऊन खाली उतरतात. वरून एक जण "अजून डावीकडे" म्हणून ओरडतो, दोन्ही संघ उकिडवे बसतात, लाउडस्पीकरवाला गाणं लावतो. चेंडू मिळतो किंवा मिळत नाही. नवा काढला तर फलंदाज कुरकुरतो, टकला काढला तर गोलंदाज. एका सामन्यात यात 10 मिनिटं सहज जातात, आणि 16 संघांचे 15 सामने. अडीच तास झाले!

त्या शेवटच्या वर्षी आमचा अंतिम सामना पावणेसहाला सुरू झाला. डिसेंबरातले पावणेसहा. शेवटची दोन षटकं दोन रिक्षा आणि एका टेंपोच्या दिव्यांत खेळवली. लाँगऑनला उंच झेल उडाला, तो दिव्याच्या वर अंधारात गेला आणि खाली आला तेव्हा तिथे कुणीच नव्हतं; क्षेत्ररक्षक दहा पावलं पलीकडे हात पसरून उभा. तो संघ एका धावेनं हरला. तो मुलगा त्यानंतर वर्षभर मला रस्त्यात भेटला की दुसरीकडे बघायचा, आणि मला त्याचं चुकीचं वाटत नव्हतं.

मळ्यात बांध असतात. बांधापलीकडे दुसरा कुणगा, तोही मोकळा, चेंडू डोळ्यांसमोर पडलेला. फार तर पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, जातो, पण पऱ्ह्यातला चेंडू तरंगतो. मळ्यातले सामने ठरल्या वेळेला संपतात, पाच वाजता बक्षीस समारंभ होतो आणि पाहुणे संघ उजेडात घरी लागतात. पोरं चेंडूवर झेपा घेतात, तेही बघायला बरं वाटतं.

तुमच्या सड्याचं वेगळं असू शकेल. चारी बाजूंनी दगडी गडगा, म्हणजे कुंपण, असेल, कडा लांब असेल, वारा अडवायला एखादी आंब्याची बाग असेल, तर माझं ऐकू नका. सड्यावर बिनधास्त घ्या, खेळपट्टी तिथली केव्हाही सरस. तारीख शिमग्याची असेल तरी सडाच. आणि मळा ठरवलात तरी सड्याच्या मालकाशी बोलून ठेवा. पावसानं 2021 सारखं केलं तर शुक्रवारी दुपारी टेंपो वर न्यायची सोय असलेली बरी. पण नाताळ ते संक्रांत यांच्या मधली तारीख आणि हळव्याचं शेत मिळत असेल, तर मी तरी कोयती घेऊन खालीच उतरेन.

मागच्या मे महिन्यात पोरं करवंदं काढायला कड्याखाली गेली होती. दोन टोपल्या करवंदं आणि 11 चेंडू घेऊन आली. त्यातल्या एकावर अजून मंडळाचा शिक्का वाचता येत होता.