ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलं पोस्टाच्या जुन्या तिकिटांचं दुकान, आणि व्हिक्टोरियापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडं काही

राणी व्हिक्टोरियाच्या काळातली पोस्टाची तिकिटं जमवायची हौस नवीनच लागलेली असेल आणि तुम्ही ग्वाल्हेरात किंवा आसपास राहत असाल तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी. दुकान लश्करात, महाराज बाड्याच्या चौकातून दौलतगंजकडे निघालं की एका बोळात. नाव-पत्ता इथे टाकत नाही कारण मालकांनी म्हणजे काकांनीच नको म्हटलंय, त्यांना फोटो काढायला येणारी गर्दी नकोय. बाहेरून बघितलं तर पितळी अडकित्ते, समया, जुनी कुलपं आणि नाणी. तिकिटांचे डबे आत असतात, मागितल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

सरळ सांगतो, दुकान आवडलं, पाचापैकी साडेचार. याचं मुख्य कारण एकच, काका तिकीट पालथं करून बघू देतात. ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांना वाटेल यात काय एवढं, पण जुन्या तिकिटाचं खरं-खोटं निम्मं पाठीवर कळतं. कागद खरवडून पातळ झालाय का, फाटलेलं जोडलंय का, हिंज (वहीत तिकीट लावायची गोंदाची कागदी पट्टी) उपटताना थर निघून आलाय का, वॉटरमार्क (कागदातली उजेडात दिसणारी खूण) कुठला आहे, हे समोरच्या चित्रावरून समजत नाही. काका चिमटा देतात, भिंग देतात, टेबललॅम्प पुढे सरकवतात आणि स्वतः पेपर वाचत बसतात. घाई नाही, "घेणार का नाही" हा प्रश्न नाही. बोटाने उचललंत तर मात्र ओरडतात, आणि बरोबरच आहे, घामट हात लागून शंभर-दीडशे वर्षांच्या कागदाचं काय होतं ते बघितलंय.

आता याच्याशी तुलना करा, माझ्या मेव्हण्याने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून "व्हिक्टोरियन स्टार्टर पॅक" म्हणून एक पाकीट मागवलं होतं. उघडलं तर निम्म्या तिकिटांवर दाढीवाला माणूस. अहो, राणी गेली जानेवारी १९०१ मध्ये, दाढीवाले एडवर्ड आणि जॉर्ज हे तिच्यानंतरचे! उरलेल्यात कोपरे तुटलेली, पाठीमागे जुन्या हिंजांचे थरावर थर, आणि कळस म्हणजे दोन "सिंध डाक" गुळगुळीत जाड कागदावर छापलेले. सिंध डाक म्हणजे १ जुलै १८५२ ला सिंधचे कमिशनर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत कराचीतून निघालेलं अर्ध्या आण्याचं तिकीट, ते नेहमीसारखं छापलेलं नव्हतंच, कागदावर दाबून नक्षी उठवलेली होती आणि लाल प्रकार तर लाखेच्या टिकलीसारखा ठिसूळ, जरा हलवाहलवी झाली की तडकायचा. दोन-तीन वर्षांत बंदही झालं. असं तिकीट काही शेकड्यांच्या पाकिटात कोणी फुकट टाकणार नाही, एवढी अक्कल वापरली तरी पुरे. पाकिटावर "नक्कल" असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पैसे परत मागितले तर उत्तरच आलं नाही.

बरं, दुकानात गेल्यावर घ्यायचं काय? नवीन माणूस गेला की पहिला प्रश्न पेनी ब्लॅकचा. ते जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, १ मे १८४० ला विक्रीला आलं आणि ६ मे पासून लागू झालं, रोलंड हिल यांनी टपालाची जी सुधारणा केली तिच्यातून. काकांकडे एक आहे, डब्यात नाही, घरी. दाखवतात पण नवख्याला विकत नाहीत, म्हणतात आधी लाल घे. मला हे पटलं. एक तर चारही बाजूंना कडा शाबूत असलेला ब्लॅक हजारोंच्या घरात जातो (तेव्हा तिकिटांना कडेने फाडायची भोकं नव्हती, कात्रीने कापायची, त्यामुळे बहुतेकांची एखादी बाजू कापली गेलेली), आणि दुसरं म्हणजे त्याच्यावर शिकण्यासारखं जे आहे ते सगळं पेनी रेडवर कमी पैशात शिकता येतं.

पेनी रेड आलं १८४१ मध्ये, कारण काळ्या तिकिटावर मारलेला लाल शिक्का लोक पुसून तिकीट परत वापरायचे. म्हणून तिकीट लाल केलं आणि शिक्का काळा. खालच्या कोपऱ्यांत जी अक्षरं दिसतात ती नुसती शोभेची नाहीत. एका शीटमध्ये २४० तिकिटं, वीस ओळी आणि ओळीत बारा, म्हणजे एक ओळ एक शिलिंगाची आणि अख्खं शीट बरोबर एक पौंडाचं. पहिल्या तिकिटावर ए-ए, शेवटच्यावर टी-एल, त्यामुळे तुमच्या हातातलं तिकीट शीटवर नेमकं कुठे होतं ते सांगता येतं. पुढे चारही कोपऱ्यांत अक्षरं आली आणि दोन्ही बाजूंच्या नक्षीत प्लेटचा, म्हणजे छपाईच्या साच्याचा, नंबर बारीक कोरला गेला, ७१ पासून २२५ पर्यंत. मधले काही नंबर वापरातच आले नाहीत आणि ७७ नंबरचे तर जगात मोजकेच सापडलेत, त्याच्या नादी लागू नका, कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर हमखास दुसऱ्या नंबरात कोरून केलेली कारागिरी असते. बाकीचे नंबर मात्र एकेक करून जमवणं हा सुरुवातीसाठी माझ्या मते सगळ्यात मजेशीर उद्योग आहे. काकांच्या डब्यात हे नंबर न लावता ठेवलेले असतात, भिंग घेऊन बसायचं आणि शोधायचं, साधारण नंबराला दीडशे-दोनशे रुपये घेतात.

त्याहून स्वस्त हवं असेल तर १८८१ चं जांभळं एक पेनीचं. हे इतकं छापलं गेलं की आकडा तेहतीस अब्जांच्या वर सांगतात, त्यामुळे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही, काका मूठभर उचलून समोर टाकतात. पण गंमत अशी की जुलै १८८१ च्या पहिल्या छपाईत प्रत्येक कोपऱ्यात चौदा ठिपके होते आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून सोळा झाले. चौदावालं कमी मिळतं. मी ढीग उपसायला घेतला तेव्हा काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मोजून झालेत रे ते सगळे, चौदाचं पाकीट वेगळं आहे, त्याची किंमतही वेगळी." म्हणजे इथे काही लॉटरी लागेल या आशेने जाऊ नका.

पण खरं सांगायचं तर इंग्लंडची तिकिटं कुठेही मिळतात. या दुकानात जायचं ते आपल्या ग्वाल्हेरच्या तिकिटांसाठी. शिंदे सरकारने ब्रिटिश टपालखात्याशी करार केला आणि १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर, म्हणजे व्हिक्टोरियाच्या चेहऱ्यावर, इंग्रजी आणि देवनागरीत संस्थानाचं नाव वरून छापून ती इथे चालू केली. पटियाला, नाभा, जिंद, चंबा, फरीदकोट यांचेही असेच करार होते. आपल्या शेजारी इंदूरकरांनी मात्र दुसरा रस्ता धरला, होळकरांनी १८८६ मध्ये स्वतःचं वेगळं तिकीट काढलं, तुकोजीरावांच्या चित्राचं, पण ते त्यांच्या संस्थानाच्या हद्दीतच चालायचं. आपलं तिकीट लावलेलं पत्र थेट ब्रिटिश मुलखात जायचं. (इंदूरकरांना चिडवायला हा मुद्दा लक्षात ठेवावा.)

या ओव्हरप्रिंटवाल्या तिकिटांत शिकायला प्रचंड आहे आणि खिशाला झेपतं, अर्धा आणा, एक आणा वापरलेली असतील तर चाळीस-पन्नास रुपयांत मिळाली. आधी पट्टी घ्या आणि देवनागरी ओळीची लांबी मोजा, सुरुवातीच्या छपाईत १३-१४ मिलिमीटर भरते आणि नंतरच्या छपाईत १५ च्या आसपास. मग इंग्रजी नावाची स्पेलिंग बघा, कारण काही तिकिटांवर शेवटून दुसऱ्या जागी ओच्या ऐवजी सी पडलाय, ती चूक असलेलं तिकीट लोक मुद्दाम शोधतात आणि त्याचे पैसेही तसेच लागतात. सरकारी वापरासाठी वेगळी छपाई होती, तिच्यावर "सर्व्हिस" हा शब्दसुद्धा देवनागरीत. आणि शिक्के! लश्करचा शिक्का नीट वाचता येणारं तिकीट मिळालं तर दहा-वीस रुपये जास्त देऊन घ्या. मुरारला १८८६ पर्यंत इंग्रजांची छावणी होती, त्यामुळे त्याआधीचा मुरारचा शिक्का असेल तर तो ओव्हरप्रिंट नसलेल्या साध्या हिंदुस्थानी तिकिटावर बघायला हवा. हे मला काकांनी सांगितलं, तेही फुकट, वर चहा.

साधी हिंदुस्थानी तिकिटंही आहेत त्यांच्याकडे. १८५४ ची कलकत्त्यात छापलेली निळी अर्ध्या आण्याची महाग आहेत, ती सध्या नुसती बघा. लंडनहून छापून यायला लागल्यावरची परवडतात. यांची ओळख सोपी, वर "ईस्ट इंडिया पोस्टेज" लिहिलेलं असेल तर १८८२ च्या आधीची आणि नुसतं "इंडिया पोस्टेज" असेल तर नंतरची. कंपनीचं राज्य १८५८ मध्ये गेलं तरी तिकिटावरचं नाव जायला आणखी चोवीस वर्षं लागली, सरकारी काम. वॉटरमार्क उजेडात धरून बघा, १८६५ पासून हत्तीचं डोकं आणि १८८२ पासून तारा. राणी म्हणाल तर सगळीकडे तरुणच दिसते, ती ८१ वर्षांची होऊन वारली तरी, फक्त १८९५ च्या दोन, तीन आणि पाच रुपयांच्या तिकिटांवर वय दिसतं. ती मोठी तिकिटं मला फार आवडतात, पण अजून घेतलेली नाहीत, बायकोला विचारायचंय.

सामानाबद्दल. काका स्टॉकबुक (तिकिटं ठेवायची वही), चिमटा आणि भोकं मोजायची पट्टी असा सेट देतात, चिमटा चांगला आहे, टोकं चपटी आणि गुळगुळीत, पट्टी ठीकठाक. स्टॉकबुक मात्र इथून घेऊ नका, त्याचं प्लास्टिक मऊ आणि वास मारणारं आहे, असलं प्लास्टिक उन्हाळ्यात तिकिटाला चिकटतं आणि शाई ओढून घेतं, आणि ग्वाल्हेरचा मे महिना काय असतो ते सांगायला नको. दुसरीकडून जरा महाग पडलं तरी चांगलं घ्या आणि उभं ठेवा, आडव्या ढिगात नको. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी आणि कसरीवर लक्ष. फेव्हिकॉल आणि सेलोटेप यांचं नावही काढू नका.

अजून एक, कागदावर चिकटलेली तिकिटं पाण्यात टाकून सोडवायची सवय सगळ्यांना असते. इंग्लंडची १८८३-८४ ची हिरवी आणि जांभळी तिकिटं पाण्यात अजिबात टाकू नका. शिक्का धुऊन तिकीट परत वापरता येऊ नये म्हणून ती मुद्दाम कच्च्या शाईत छापलेली होती, पाणी लागलं की हिरवं पिवळट पडतं आणि किंमत गेली. काकांकडे अशी धुतलेली एक-दोन आहेत, ती ते प्रामाणिकपणे "खराब" लिहिलेल्या वेगळ्या पाकिटात ठेवतात, नमुना म्हणून दहा रुपयांत एक घेऊन ठेवलं तर पुढे ओळखायला बरं.

किमतींवर भांडण होतं ते कॅटलॉगवरून. काका स्टॅनली गिबन्स या इंग्लंडच्या तिकीट कंपनीच्या कॅटलॉगची, म्हणजे भावांच्या यादीची, जुनी आवृत्ती उघडून दाखवतात आणि पौंडांचे रुपये करून आकडा सांगतात. पण त्या कॅटलॉगातला भाव म्हणजे दुकानदाराने उत्तम स्थितीतल्या तिकिटासाठी मागायचा भाव. समोरचं तिकीट जर कडेला फाटलेलं असेल, शिक्का चेहऱ्यावर काळा थापलेला असेल तर त्याच्या चौथा हिस्साही द्यायचं कारण नाही. हे बोललात की काका हसतात आणि कमी करतात, म्हणजे त्यांनाही माहीत आहे. न बोलणाऱ्याकडून मात्र पूर्ण घेतात, अर्धा तारा तिथे कापला.

पोस्टातल्या फिलाटेली काउंटरवर जुनी तिकिटं मिळतात का असं बरेच जण विचारतात, तर नाही, तिथे नवीन निघणारी मिळतात. दोनशे रुपये भरून डिपॉझिट अकाउंट उघडलं तर ती घरपोच येतात, मुलांसाठी चांगलं आहे, पण व्हिक्टोरियाशी त्याचा संबंध नाही.

दुकान सकाळी अकराच्या आधी उघडत नाही, दुपारी दोन ते पाच बंद, मंगळवारी सुट्टी. यूपीआय चालतं पण पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा मागून घ्या आणि तिच्यावर तिकिटाचं वर्णन लिहून घ्या, पाचशेच्या वरचं काही घेत असाल तर नक्कीच. गाडी बाड्यावर लावून चालत जा, बोळात स्कूटरही वळत नाही.