टायमिंग बेल्ट की चेन: जुनी गाडी घेताना काय बघाल?

दोन गाड्या पसंत पडल्या आहेत, एकीत टायमिंग बेल्ट (रबरी पट्टा) आणि दुसरीत टायमिंग चेन. दोन्हींचं काम एकच: क्रँक (पिस्टनना जोडलेला दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा दांडा) यांचं फिरणं जुळवून ठेवणं. निवड करण्याआधी इंजिन इंटरफिअरन्स आहे का, ते बघा. अशा इंजिनात उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि क्रँक फिरतच असतो. पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकतात, कधी गाइडही (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळ्या) फुटतात. मग हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावंच लागतं. इंटरफिअरन्स नसलेलं इंजिन नुसतं बंद पडतं आणि नव्या बेल्टवर पुन्हा चालू होतं. पण अशी इंजिनं आता कमी, डिझेलमध्ये तर जवळजवळ नाहीतच.

चेनवाली गाडी 'बिनघोर' म्हणून विकतात, ते अर्धंच खरं. ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेनच्या पिना झिजतात, चेन लांबते, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनरही बहुधा ऑइलच्याच दाबावर चालतो. मात्र चेन सहसा आधी कुरकुरते: थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड. त्यामुळे गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं नको.

बेल्ट बहुधा असा इशारा देत नाही. त्याचं आयुष्य किलोमीटर आणि वर्षं दोन्हींत मोजतात, जे आधी भरेल ते. आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच धरा. दहा वर्षांत 40,000 किमी चाललेली गाडी इथेच फसवते, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. बदलताना टेन्शनर आणि आयडलरही (बेल्टला वाट देणारं चाक) बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही. जुनं बेअरिंग जॅम झालं तर नवा बेल्टही जातो. बसवल्यावर क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून क्रँक आणि कॅमशाफ्टच्या खुणा जुळतात का ते पाहायचं. मध्येच अडला तर जोर लावायचा नाही.

ऑइलमध्ये बुडून चालणारा बेल्ट आम्हाला सगळ्यांत नाजूक वाटतो. चुकीच्या ऑइलने त्याचे कण सुटतात, ऑइल पंपाची जाळी तुंबते आणि बेल्ट शाबूत असतानाच इंजिन ऑइलविना राहू शकतं.

बेल्ट बदलल्याचं बिल असेल तर निगा न राखलेल्या चेनपेक्षा ती गाडी बरी. बिल नसेल तर पूर्ण किट आणि मजुरी किमतीतून वजा करा, आणि गाडी वापरायला काढण्याआधी काम करून घ्या. बेल्ट चालत्या गाडीत तुटलाच, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. वाचलेले व्हॉल्व्हही त्यात वाकतात.